व्हिटॅमिन ई त्वचेसाठी नक्की काय करतं? लेबल छापण्याआधी हे वाचा



क्रीम, फेस ऑइल, लिप बाम घरी बनवून विकायचं ठरवलेले बरेच जण मला विचारतात, "सर, व्हिटॅमिन ई टाकलं की झालं ना?" मी उलट विचारतो, "कशासाठी टाकताय?" तिथे गाडी अडते. व्हिडिओत हे घाईत झालं होतं, म्हणून इथे नीट लिहितोय.

खोबऱ्याची वाटी खूप दिवस राहिली की खवट होते, बरोबर? हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिच्यातलं तेल बिघडतं. आपल्या त्वचेतही स्निग्ध पदार्थ असतात. ऊन आणि प्रदूषण यांमुळे तिथे फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर कण तयार होतात. असा कण एका स्निग्ध रेणूला बिघडवतो, तो रेणू शेजारच्याला बिघडवतो, आणि साखळी सुरू होते.

व्हिटॅमिन ई तेलात विरघळतं, त्यामुळे ते या स्निग्ध भागातच जाऊन बसतं. स्वतःकडचा एक हायड्रोजन अणू देऊन ते त्या कणाला शांत करतं आणि साखळी तुटते. आपल्या त्वचेत ते मुळातच असतं, पण उन्हाने कमी होतं. वरून लावायचं ते ही तूट भरायला.

वापरलं गेलेलं व्हिटॅमिन ई पुन्हा कामाला लावायचं काम व्हिटॅमिन सी करतं. म्हणून ही जोडी चांगली. 2003 मध्ये अमेरिकेत डुकराच्या त्वचेवर झालेल्या अभ्यासात 15 टक्के सी आणि 1 टक्का ई एकत्र लावल्यावर उन्हापासूनचं संरक्षण एकेकट्यापेक्षा जास्त मिळालं.

कच्चा माल घेताना नाव वाचा. 'टोकोफेरॉल' लगेच काम करतं, पण हवा आणि उजेडात लवकर खराब होतं. 'टोकोफेरिल अ‍ॅसिटेट' जास्त टिकतं, पण त्वचेत गेल्यावर त्याचं टोकोफेरॉल व्हावं लागतं, आणि ते हळूहळू होतं. दोन्हीसाठी गडद रंगाची, घट्ट झाकणाची बाटली बरी.

आता तीन चुका, ज्या धंदा बुडवू शकतात.

पहिली चूक मी स्वतः केली. व्हिटॅमिन ई आहे म्हणजे क्रीम टिकेल, असं समजून कोरफडीच्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह टाकलंच नाही. दोन आठवड्यांत 40 डब्यांवर बुरशी. पैसे परत दिले, पण काही गिऱ्हाइकं परत आली नाहीत. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, बुरशी आणि जंतू मारत नाही. पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह हवंच.

दुसरी चूक म्हणजे 'सनस्क्रीनची गरज नाही' असं सांगणं. व्हिटॅमिन ई उन्हाचं नुकसान कमी करायला मदत करतं, सनस्क्रीनची जागा घेत नाही.

तिसरी, 'डाग आणि व्रण घालवतं' हा दावा. 1999 मध्ये शस्त्रक्रियेच्या व्रणांवर झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात बहुतेकांना फायदा दिसला नाही, उलट साधारण तिघांपैकी एकाला त्वचेची अ‍ॅलर्जी झाली. म्हणून गिऱ्हाइकाला आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायला सांगा.

मग लेबलवर काय लिहायचं? 'व्हिटॅमिन ई युक्त, अँटिऑक्सिडंट, त्वचा मऊ ठेवायला मदत' एवढं पुरे. आजार बरा करतो असं लिहिलं की वस्तू कॉस्मेटिक न राहता औषधात मोजली जाऊ शकते. आणि हो, विक्रीसाठी कॉस्मेटिक बनवायला राज्याच्या औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं. घरच्या किचनमधून बनवलं तरी नियम तोच.

जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. गिऱ्हाईक एकदा फसलं तर आपण गेलो, आणि विश्वास बसला तर तेच चार जणांना घेऊन येतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!