नेपथ्य : संहितेचे एक वाचन
(योसेफ स्वोबोदा यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने)

नाटकाच्या तौलनिक अभ्यासात संहिता, तिचे भाषांतर, रूपांतर आणि स्वीकृती यांचा विचार सविस्तर होतो. नेपथ्याची दखल मात्र बहुधा प्रयोगाच्या वर्णनातील एखाद्या परिच्छेदापुरती घेतली जाते. नेपथ्य म्हणजे संहितेने आधीच निश्चित केलेल्या अर्थाला पुरवलेली पार्श्वभूमी, असे गृहीतक यामागे असते. नेपथ्याची मूळ संकल्पना एवढी संकुचित नाही. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत. वेशभूषा, रंगभूषा आणि रंगमंचावरील कृत्रिम वस्तू या सर्वांचा त्यात समावेश होतो आणि हे सारे 'अभिनया'च्या कक्षेत येते. आधुनिक मराठीत 'नेपथ्य' हा शब्द दृश्यरचनेपुरता उरला आणि त्याचे अभिनयाशी असलेले नाते दृष्टीआड झाले. हे नाते विसाव्या शतकात नव्याने प्रस्थापित करणाऱ्यांमध्ये चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा (१९२०–२००२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

स्वोबोदा यांचा जन्म बोहेमियातील चास्लाव या गावी १० मे १९२० रोजी झाला. वडील सुतारकाम करीत. स्वोबोदा प्रथम हीच कारागिरी शिकले आणि पुढे प्राग येथे त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. हात सुताराचा आणि दृष्टी वास्तुकाराची, हा संयोग त्यांच्या पुढील कामात सर्वत्र जाणवतो. चित्रित पडद्यांच्या परंपरेतून न आल्यामुळे रंगमंच हा त्यांच्या लेखी रंगवण्याचा पृष्ठभाग नव्हता. तो बांधावयाचा, हलवावयाचा आणि प्रकाशाने घडवावयाचा अवकाश होता. युद्धोत्तर काळात प्रागच्या 'पाच मे' ऑपेरागृहात काम केल्यानंतर १९४८ मध्ये ते राष्ट्रीय रंगभूमीशी जोडले गेले. तेथे प्रमुख नेपथ्यकार आणि तांत्रिक विभागाचे प्रमुख या नात्याने त्यांनी दीर्घकाळ जबाबदारी सांभाळली. नाटक, ऑपेरा आणि नृत्यनाट्य मिळून त्यांच्या निर्मितींची संख्या सातशेहून अधिक भरते.

आपल्या भूमिकेसाठी त्यांनी 'मनोघटित अवकाश' अशा आशयाची संज्ञा वापरली. नाट्यप्रसंगातील ताण बदलत असताना अवकाश स्थिर राहू शकत नाही. संगीताप्रमाणे त्यालाही काळात उलगडता आले पाहिजे, हा तिचा इत्यर्थ. दिग्दर्शक ओतोमार क्रेय्चा यांच्यासह केलेल्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या १९६३ मधील प्रयोगात हे तत्त्व स्पष्ट दिसते. तेथे व्हेरोनाचे चित्र उभे केलेले नव्हते. कमानींची हलकी, जणू अधांतरी मार्गिका, काही भिंती आणि चौथरे एवढीच सामग्री होती. प्रसंगागणिक हे घटक सरकत, जवळ येत, दूर जात. शोकांतिकेतील घटनांचा वेग संवादांइतकाच अवकाशाच्या या हालचालींतून प्रेक्षकाला प्रतीत होत असे.

नेपथ्य हे संहितेचे वाचन कसे ठरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्वोबोदा यांनी रचलेले 'हॅम्लेट'चे दोन प्रयोग. राष्ट्रीय रंगभूमीवरील १९५९ च्या प्रयोगात २४ उंच, काळे, चकचकीत फलक होते. ते सरकले की दालने, मार्गिका आणि आडोसे निर्माण होत. त्यांच्या पृष्ठभागावरून प्रकाश परावर्तित होई. हे एल्सिनोर पाळतीचे आणि दबा धरण्याचे होते. कोण कोणत्या फलकाआड आहे, याची खात्री देणे अशक्य होते. क्रेय्चा यांच्यासह ब्रुसेल्स येथे १९६५ मध्ये केलेल्या प्रयोगात मात्र रंगमंचावर एक प्रचंड आरसा तिरका टांगलेला होता आणि पित्याचे भूत हे हॅम्लेटचेच प्रतिबिंब होते. भूत खरोखर येते, की तो हॅम्लेटच्या मनाचाच एक अंश आहे, हा शेक्सपिअर समीक्षेतील जुना प्रश्न. समीक्षक त्याचे उत्तर निबंधातून देतो. येथे ते एका आरशाच्या कोनातून दिले गेले. पहिल्या प्रयोगातील भय बाहेरचे, राजवाड्यातील होते. दुसऱ्यातील भय अंतःकरणातले. शेक्सपिअरचे नाटक तेच, नेपथ्यकारही तोच. बदलला तो अन्वयार्थ.

'राजा ईडिपस'च्या १९६३ मधील प्रयोगात स्वोबोदा यांनी याच्या उलट मार्ग स्वीकारला. येथे वाद्यवृंदाच्या खोलगट जागेतून निघून प्रेक्षकांच्या दृष्टीच्या पलीकडे चढत जाणारा रंगमंचभर रुंद जिना, हीच मुख्य रचना होती. ईडिपस अखेरीस हा जिना एकटा चढत प्रकाशाच्या दिशेने जातो. अंध झालेल्या माणसाच्या वाट्याला आलेला हा प्रकाश ज्ञानाचा मानावा की शिक्षेचा, याचा निर्णय प्रयोगाने प्रेक्षकावर सोपवला. चापेक बंधूंच्या कीटकांवरील रूपकनाट्याच्या १९६५ च्या प्रयोगात पुन्हा आरसे आले. मागच्या बाजूस तिरक्या लावलेल्या दोन विशाल आरशांत फिरत्या रंगमंचावरील पात्रे वरून पाहिल्यासारखी दिसत. माणसाला कीटकाच्या रूपात पाहण्याची लेखकांची दृष्टी अशा रीतीने प्रेक्षकाची प्रत्यक्ष दृष्टी बनली.

प्रकाशाविषयीचे त्यांचे प्रयोगही याच शोधाचा भाग होते. प्रकाशाचा झोत हवेतील कणांवर पडतो तेव्हाच तो दृश्य होतो. हे जाणून त्यांनी कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांच्या ओळींतून निमुळते, तीव्र झोत सोडले आणि हवेत सूक्ष्म तुषार तरंगत ठेवले. वाग्नरच्या 'ट्रिस्टन आणि इझोल्डे'साठी १९६७ मध्ये वीसबाडेन येथे त्यांनी या पद्धतीने प्रकाशाचा जणू घन स्तंभ उभा केला. जड पदार्थाविना उभ्या राहणाऱ्या वास्तूची ती कल्पना होती.

या तंत्रवैभवाची दुसरी बाजूही तपासावी लागते. ब्रुसेल्सच्या १९५८ मधील जागतिक प्रदर्शनात दिग्दर्शक आल्फ्रेद रादोक आणि स्वोबोदा यांनी 'लातेर्ना मागिका' सादर केली. पडद्यावरील चित्रपट आणि समोरचे जिवंत कलावंत यांचा त्यात मेळ होता. या यशानंतर दोनच वर्षांत बोहुस्लाव मार्टिनू यांच्या संगीतावर आधारलेल्या रादोक यांच्या एका रचनेवर अधिकाऱ्यांनी बंदी आणली आणि रादोक यांना या रंगसंस्थेतून दूर केले गेले. १९६८ च्या लष्करी आक्रमणानंतर ते स्वीडनला गेले. क्रेय्चा यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेले नाट्यगृह १९७२ मध्ये बंद पाडण्यात आले. स्वोबोदा मात्र प्रागमध्येच राहिले, राष्ट्रीय रंगभूमीवर काम करीत राहिले आणि १९७३ पासून 'लातेर्ना मागिका'चे प्रमुखही झाले.

या वस्तुस्थितीवरून त्यांच्याविषयी निवाडा देणे सोपे आहे. परंतु त्याआधी माध्यमाचा विचार आवश्यक आहे. बंदी आलेला कवी कविता लिहून टेबलाच्या खणात ठेवू शकतो आणि अनुकूल काळाची वाट पाहू शकतो. नेपथ्यकाराला तो खण उपलब्ध नाही. कार्यशाळा, कारागीर, यंत्रणा, रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यावाचून त्याची कला आराखड्यापलीकडे जात नाही, आणि समाजवादी राजवटीत हे सारे शासनाच्या हाती होते. चेक साहित्याच्या इतिहासात खणातले साहित्य, हस्तलिखित प्रतींचे साहित्य आणि निर्वासितांचे साहित्य अशी वर्गवारी करता येते. नेपथ्याच्या इतिहासाला ती तशीच लागू करणे अन्यायाचे ठरेल. मात्र शासनाच्या आश्रयाने मिळालेल्या साधनांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही. रादोक यांचे नाव वगळून 'लातेर्ना मागिका'ची कथा सांगता येत नाही.

प्रेक्षकाला सुरक्षित अंतरावर न ठेवणे, हे स्वोबोदा यांच्या परदेशातील कामातही दिसते. लुइजी नोनो यांच्या असहिष्णुतेवरील ऑपेराच्या १९६५ मधील बॉस्टनच्या प्रयोगात त्यांनी दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने प्रेक्षागृहाचेच चित्र पडद्यावर आणले आणि ते उलट्या छटांत दाखवले. गोरे प्रेक्षक स्वतःला काळ्या वर्णात पाहू लागले. इटलीतील माचेराता येथील 'ला त्राव्हिआता'च्या १९९२ च्या प्रयोगात जमिनीवर पसरलेले चित्रित पट एका भव्य तिरक्या आरशात दिसत. शेवटी तो आरसा उभा होत गेला आणि त्यात प्रेक्षक दिसू लागले. व्हिओलेताला मरणाच्या दारी नेणाऱ्या समाजात प्रेक्षकाचीही गणना झाली.

स्वोबोदा यांचे ८ एप्रिल २००२ रोजी प्राग येथे निधन झाले. त्यांच्या मागे आराखडे, प्रतिकृती, छायाचित्रे आणि 'रंगावकाशाचे रहस्य' अशा अर्थाच्या शीर्षकाचे आत्मकथन उरले. प्रयोग उरले नाहीत. भाषांतर मूळ संहितेशेजारी ठेवून तपासता येते. नेपथ्याचे वाचन असे हाती धरता येत नाही. त्याची पुनर्रचना अवशेषांवरूनच करावी लागते. ही अडचण खरी आहे, पण ती दुर्लक्षाचे समर्थन ठरत नाही. 'हॅम्लेट'च्या चेक स्वीकृतीचा इतिहास केवळ भाषांतरांच्या आधारे लिहिला, तर काळे फलक आणि तिरका आरसा यांनी मांडलेले दोन अन्वयार्थ त्यातून निसटतील. नेपथ्याला आहार्य 'अभिनय' मानणाऱ्या परंपरेतील अभ्यासकाला ही उणीव अधिक जाणवावी, कारण ती भरून काढण्यासाठी लागणारी परिभाषा त्याच्यापाशी पूर्वीपासून आहे.