धुराड्याची ओढ

ज्या घरांत आंघोळीचें पाणी अजून बंबांत तापवितात, त्या घरांतील मुलांनीं एक गोष्ट नित्य पाहिली असेल. बंबाच्या पोटांतून एक नळकांडें उभें वर जातें. त्याच्या बुडाशीं जाळी असते आणि सभोंवतीं पाणी. नळकांड्यांत चार काटक्या व एखादी करवंटी टाकून काडी लावली, कीं थोड्याच वेळांत जाळ भरभर आवाज करूं लागतो. त्यास कोणी फुंकीत नाहीं. परंतु त्याच घरांतील, अथवा आजोळच्या घरांतील, चूल पाहावी, तर तिच्यापुढें आई अगर आजी फुंकणी घेऊन वांकलेली व पदरानें डोळे पुशीत असलेली दिसते. सरपण तेंच, आगपेटीहि तीच. मग एक जाळ आपण होऊन फुलतो आणि दुसऱ्यास घडोघडी माणसाच्या छातींतला वारा कां द्यावा लागतो?

बंबास नळकांडें आहे व चुलीस नाहीं, एवढाच काय तो फरक. नळकांडें हें धूर जाण्याची वाट आहे असें पुष्कळांस वाटतें. तें खरें, पण अर्धेंच खरें. धूर बाहेर नेण्यापेक्षां ताजी हवा आंत ओढून आणणें हें त्याचें अधिक महत्त्वाचें काम आहे. ह्या ओढण्यास आम्ही ह्या लेखांत ‘ओढ’ असेंच म्हणूं. ओढ चांगली असेल तर जाळ स्वच्छ, धूर थोडा व सरपणाचा खप कमी. ओढ बिघडली कीं तेंच धुराडें घरांत धूर ओतूं लागतें.

ही ओढ येते कोठून? हवा तापली म्हणजे प्रसरण पावते व हलकी होते, हें आमचे विद्यार्थी शास्त्राच्या पुस्तकांतून घडाघडा म्हणून दाखवितात. मात्र स्वयंपाकघरांत तेंच चाललें आहे हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. आपल्याकडे ३० अंश उष्णतामानाच्या एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १,१६५ ग्रॅम भरतें. तीच हवा १५० अंशांपर्यंत तापवावी, तर तेवढ्याच जागेंतील हवेचें वजन सुमारें ८३५ ग्रॅम होतें. आतां तीन मीटर उंचीचा नळ अशा तापलेल्या हवेनें भरला आहे असें समजा. त्याच्या आंतील हवेचा स्तंभ बाहेरील तेवढ्याच उंचीच्या स्तंभापेक्षां दर चौरस मीटरास सुमारें एक किलोनें हलका झाला. बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडांतून आंत शिरते व हलक्या हवेस वर ढकलते. म्हणजे, नीट पाहिलें तर, धुराडें ओढीत नाहीं. बाहेरची हवाच ढकलते. शब्द मात्र ‘ओढ’ हाच रूढ राहो.

दर चौरस मीटरास एक किलो, म्हणजे पाण्याच्या एका मिलिमीटर उंचीचा दाब. केवढें हें क्षुद्र बळ! ताशीं चौदा-पंधरा किलोमीटर वेगानें वाहणारा साधा वारा जितका दाब देतो, तितकाच हा. म्हणूनच धुराड्याचे दोष एवढे नाजूक असतात. नळाच्या एका सांध्याला चीर पडली, वैलावर भांडें नीट बसलें नाहीं, पश्चिमेचा वारा कौलांवरून वळून खालीं उतरला, कीं सारा हिशेब उलटला.

येथें आपल्या हवेची एक अडचण सांगितली पाहिजे. महाबळेश्वर-पांचगणीच्या जुन्या बंगल्यांतून भिंतींत बांधलेल्या शेकोट्या आहेत. तेथें हिवाळ्याच्या रात्रीं बाहेर १० अंश उष्णतामान असेल, तर त्याच नळाची ओढ आपल्या ठाण्या-कल्याणाकडील ओढीपेक्षां थोडी अधिक होते, कारण बाहेरच्या व आंतल्या हवेच्या उष्णतामानांतील अंतर मोठें असतें. थंड देशांतील पुस्तकांत दिलेलीं मापें कोंकणपट्टींत जशींच्या तशीं लागूं पडत नाहींत, त्याचें हें एक कारण. उष्ण मुलखांत नळ अधिक उंच घ्यावा, व तो आंतून गरम राहील अशी तजवीज ठेवावी.

परदेशांतील लोकांसहि हें ज्ञान फुकट मिळालें नाहीं. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८५ सालीं समुद्रप्रवासांत असतांना धूर कोंडणाऱ्या धुराड्यांवर एक मोठें पत्र लिहिलें. पुढें काउंट रम्फर्ड यांनीं १७९६ च्या सुमारास लंडनमधील शेकोट्यांचा अभ्यास केला. त्या काळच्या शेकोट्यांचे घसे इतके रुंद असत, कीं खोलींतील थंड हवा भराभर वर जाऊन धुराडें गार करी. खोली तापत नसे ती नसेच, शिवाय धूर परत येई. रम्फर्ड यांनीं घसा चार इंचांपर्यंत अरुंद करविला आणि शेकोटीच्या बाजूच्या भिंती तिरप्या केल्या. एवढ्यानें ओढ सुधारली. शेकोटीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सुमारें एक-दशांश इतका नळाचा छेद असावा, असा ठोकताळा अद्यापहि गवंडीकामांत मानतात.

उंची वाढविणें शक्य नसेल तर काय करावें, याचें उत्तर आमच्याच रस्त्यानें धांवून गेलें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १८५४ च्या मे महिन्यांत रेल्वे कल्याणास पोहोंचली. त्या वाफेच्या इंजिनांचीं धुराडीं आंखूड असत. त्यांना पुलांखालून व बोगद्यांतून जावें लागे. ठाणें व कल्याण यांच्यामधील पारसिकचा बोगदा १९१६ सालीं खुला झाला, त्यांतूनहि हींच इंजिनें जात. आंखूड धुराड्यास पुरेशी ओढ कोठून यावी? म्हणून सिलिंडरांत काम संपवून बाहेर पडणारी वाफ वाया न घालवितां ती धुराड्याच्या बुडाशीं एका तोटींतून वर सोडीत. ती जातांना आपल्याबरोबर धूर खेंचून नेई व आगींत हवा शिरे. कल्याणच्या पुढें कसाऱ्याच्या अगर खंडाळ्याच्या घाटांत गाडी चढूं लागली, कीं तो भक्‌भक् आवाज वाढे व त्याबरोबर आगहि फुले. जितकें काम अधिक, तितकी ओढ अधिक. अशी सुंदर योजना आम्हांस दुसरी कोठें क्वचितच दिसली. आमच्या घरच्या चुलीस असा वाफेचा नोकर नाहीं. तिला उंचीवर व उष्णतेवरच भागवावें लागतें.

आतां प्रत्यक्ष चुलीस नळ बसविण्याचें काम. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें घरोघर गॅस आला, हें खरें. परंतु मुरबाड-शहापुराकडील पाड्यांतून चुली अजून पेटतात, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा सिलिंडर ज्या घरांत आला, तेथेंहि तो संपला व पुन्हां घेण्यास पैसे नसले म्हणजे सरपणाची मोळी येतेच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालाबद्दल दिलेला अंदाज असा, कीं घरांतील धुरामुळें जगांत वर्षास सुमारें ३२ लक्ष माणसें मरतात. त्यांत पांच वर्षांखालील मुलें दोन लक्षांहून अधिक. जें मूल आईच्या पाठीशीं चुलीजवळ बसतें, त्याच्या छातींत तो धूर पहिल्यानें जातो.

चूल तीन दगडांची उघडी असेल, तर तिला नळ लावून उपयोग नाहीं. ती मातीनें बंदिस्त करून घ्यावी. जाळाचें तोंड पुढें एकच असावें. त्यावर पहिलें भांडें. तेथून जाळाची वाट किंचित् चढती होऊन वैलाखालीं यावी. आणि वैलाच्या पलीकडे नळ. म्हणजे उष्णता दोन भांड्यांस देऊन मगच धूर बाहेर जातो. दोन्ही भोंकें भांड्यांच्या बेताचीं असावींत. वैलावर कांहीं ठेवावयाचें नसेल, तर त्यावर झांकण घालावें. उघडा वैल म्हणजे नळाच्या बुडाशीं पाडलेलें छिद्रच होय. नळ चार इंच व्यासाचा व एकंदर उंची निदान दहा फूट असावी. तो शक्य तों घराच्या आंतूनच सरळ वर न्यावा. भिंतीबाहेरून नेलेला नळ, विशेषतः पावसाळ्यांत, भिजून गार होतो, आणि गार नळास ओढ नसते. वळण घेणें भाग पडल्यास तें तिरपें असावें. आडवा नळ काजळीनें भरतो. बुडाशीं काजळी काढण्यास एक झांकणाची खिडकी ठेवण्यास विसरूं नये. पूर्वीं अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ फार वापरीत. ते कापतांना उडणारी धूळ फुफ्फुसांस घातक ठरते, म्हणून आतां पत्र्याचा अगर भाजलेल्या मातीचा नळ घेणें बरें.

छपरांतून नळ जेथें बाहेर पडतो, तेथून तो निदान तीन फूट वर असावा, आणि दहा फुटांच्या आंत आढें अगर दुसरी कांहीं उंच वस्तु असल्यास तिच्याहून दोन फूट वर. आढ्याखालीं राहिलेल्या नळावर वारा छपरावरून घसरून खालीं उतरतो. डोंबिवलीसारख्या ठिकाणीं बैठ्या घरांशेजारीं सात-आठ मजल्यांच्या इमारती उठल्या आहेत. तेथें कितीहि उंच नळ घातला तरी वारा उलटण्याचें भय असतेंच, व तेथें लांकूड न जाळणें हाच खरा उपाय. पावसासाठीं टोपी बसवावी. मात्र ती व नळाचें तोंड यांत नळाच्या रुंदीइतकें अंतर ठेवावें. घट्ट टोपी म्हणजे बंद केलेलें नाक.

गवताचें अगर पेंढ्याचें छप्पर असल्यास फार जपावें. एकेरी पत्र्याचा तापलेला नळ गवतापासून व वाशांपासून सर्व बाजूंनीं दीड फूट दूर पाहिजे. मधल्या जागीं पत्रा घालावा. हें साधत नसेल, तर नळ भिंतींतून बाहेर काढून वर नेणें बरें. ओढ थोडी कमी झाली तरी चालेल, घर राहिलें पाहिजे.

एवढें करूनहि पुष्कळ वेळां धूर परत येतो, तो खोली बंद असल्यामुळें. नळानें जितकी हवा बाहेर गेली तितकी आंत आली पाहिजे. जुन्या कौलारू घरांत ती कौलांच्या व कुडाच्या फटींतून येई; स्लॅबच्या खोलींत दार-खिडकी लावली कीं वाट संपली. मग जाळ गुदमरतो. ह्या गुदमरलेल्या जाळांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं व वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणाऱ्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोकें दुखतें, घेरी येते, मळमळतें. झोंपलेल्या माणसास तेंहि कळत नाहीं. पौष महिन्यांत थंडी पडली म्हणून निखाऱ्यांची शेगडी आंत घेऊन दारें लावून निजणें, अथवा बंद न्हाणीघरांत बंब पेटता ठेवून आंघोळ करणें, ह्या दोन गोष्टी पालकांनीं घरांत कोणासहि करूं देऊं नयेत. निखाऱ्यांस धूर दिसत नाहीं, म्हणूनच ते अधिक फसवे. गॅसच्या गीझरासहि हाच नियम.

सरपणाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. ओल्या लांकडांत जवळजवळ निम्मे वजन पाण्याचें असूं शकतें. ती आग पाणी आटविण्यांतच आपलें बळ घालविते, धूर गार होतो आणि नळाच्या आंतल्या बाजूस काळें, चिकट डांबर धरतें. हें डांबर साठून एके दिवशीं पेट घेतें. लांकूड फोडून, छपराखालीं रचून, निदान एक उन्हाळा वाळूं द्यावें.

आपल्या देशांत बिनधुराच्या चुलींचे प्रयत्न थोडे झालेले नाहींत. वर्ध्याच्या मगनवाडींतून मगन चूल पुढें आली, हैदराबादच्या एस. पी. राजू यांनीं १९५३ सालीं बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. आणि १९८० नंतरच्या दशकांत सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या सरकारी कार्यक्रमांत साडेतीन कोटींच्या आसपास सुधारित चुली देशभर बसविल्या गेल्या. त्यांतील फार मोठा भाग थोड्या वर्षांत निकामी झाला. आमच्या मतें चुलींची रचना वाईट होती असें सर्वत्र म्हणतां येणार नाहीं. चूल बसविणारा बसवून गेला. नळ साफ करावा लागतो हें घरांत कोणास सांगितलें नाहीं, आणि सांगितलें असलें तर तें जिनें रोज चूल पेटवावयाची तिला न सांगतां ओसरीवर बसलेल्यांस सांगितलें. काजळीनें नळ भरला, धूर परत आला, आणि त्या बाईनें शहाणपणानें चूल फोडून पूर्वीची मांडली. तिला दोष देतां येत नाहीं.

साफसफाई कठीण नाहीं. रोज चूल पेटत असेल तर महिन्यांतून एकदां, आग पूर्ण विझल्यावर, लांब बांबूस जाडें फडकें अगर काथ्याचा बोळा बांधून तो नळांतून वरून खालीं फिरवावा व बुडाच्या खिडकींतून काजळी काढावी. नाकातोंडास फडकें बांधावें. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं टोपी, सांधे व छपराजवळील पत्रा पाहून घ्यावा. चुलीच्या चिरा शेणमातीनें लिंपाव्या. पुष्कळ दिवस बंद राहिलेला नळ गार असतो. अशा वेळीं चुलींत लांकडें घालण्यापूर्वीं बुडाच्या खिडकींत कागदाचा एक पेटता बोळा धरून नळ गरम करावा, म्हणजे पहिला धूर घरांत येत नाहीं.

ओढ आहे कीं नाहीं हें पाहण्यास मुलांनीं एक उदबत्ती घ्यावी. पेटलेल्या चुलीच्या तोंडाशीं, जाळापासून वीतभर अंतरावर, ती धरावी. धुराची रेघ चुलीकडे वांकली तर ओढ ठीक आहे. ती सरळ वर गेली अगर आपल्याकडे वळली, तर प्रथम खिडकी उघडून पुन्हां पाहावें. तेवढ्यानें रेघ वांकली तर दोष खोलीचा, न वांकली तर नळाचा. नंतर सांध्यांवरून व वैलाच्या कडेवरून तीच उदबत्ती फिरवावी; जेथें धूर आंत शोषला जातो तेथें चीर आहे असें समजावें व आईस ती जागा दाखवावी.