साक्षांकन नमुन्यातील रकाना

मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या गावात, जेथे बागलाण तालुक्यातील कांदा लिलावास येतो, शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाचे नाव पोलिसांच्या दप्तरी चढण्यास दुर्वर्तनच घडावे लागते असे नाही. बांधावरून भाऊबंदांत झालेली मारामारी, किंवा भाव कोसळल्यावर केलेला रास्ता रोको, एवढेही त्यास पुरते. अमेरिकेतील राज्यांप्रमाणे आपल्याकडे अध्यापनाचा निराळा परवाना काढावा लागत नाही; पदवी वा पदविका, पात्रता परीक्षा आणि निवड हे टप्पे ओलांडल्यावर, प्रत्यक्ष नियुक्तीच्या वेळी, उमेदवारापुढे साक्षांकन नमुना येतो आणि त्यात अटक, खटला व शिक्षा यांविषयी विचारणा असते.

अशा वेळी वडीलधाऱ्यांचा सल्ला बहुधा ठरलेला असतो: ‘मिटलेलं प्रकरण कशाला उकरतोस? नाही म्हणून लिही.’ हा सल्ला किती महाग पडतो, हे केंद्रीय विद्यालय संघटनेतील एका शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिलेल्या निकालावरून दिसते. खटला प्रलंबित असता त्याने ‘नाही’ लिहिले होते. गुन्हे गंभीर नव्हते, सरकारने पुढे खटला मागेही घेतला, आणि शिक्षण हिंदीतून झाल्याने इंग्रजी रकाने उमगले नाहीत, असे त्याचे म्हणणे होते, परंतु बी. एड., एम. एड. झालेल्या इसमाची ही सबब न्यायालयाने मानली नाही, आणि उच्च न्यायालयाने राखलेली नोकरी गेली. सबब लंगडी होती खरी; तथापि जाब विचारायचा तर तो उमेदवाराच्या भाषेत विचारावा, एवढी अपेक्षा सरकारकडून गैरवाजवी नव्हे.

२०१६ च्या अवतार सिंग खटल्यात त्रिसदस्य पीठाने या कठोरतेस विवेकाची जोड दिली. तरुण वयातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा लपविला गेला असल्यास नियोक्त्यास तो क्षम्य मानता येतो, आणि जे विचारलेच नाही ते न सांगणे लपवाछपवी ठरत नाही. मात्र खरे सांगितल्याने नियुक्तीचा हक्क उत्पन्न होत नाही. निकालात निघालेल्या प्रकरणाचाही नियोक्ता विचार करू शकतो. उमेदवारास हे जाचक वाटेल, पण ज्याच्या हाती मुले सोपवायची त्याचे पूर्ववृत्त तपासण्यात गैर काय? २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांतील सर्वच कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर शासनाने भर दिला, तो याचसाठी.

अल्पवयातील अपराधाची गोष्ट वेगळी. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ अन्वये अशा दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही; अट इतकीच की सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे प्रकरण बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालवून त्यास दोषी ठरविलेले नसावे.