कचोरीवाल्याची उधारी आणि कविवर बनारसीदास

आग्रा शहरातील एक रात्र. सम्राट जहांगीराच्या राजवटीची ती पहिली वर्षे. एका साध्या घरात दहा-वीस माणसे जमली आहेत आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण त्यांच्यासमोर पोथी उघडून बसला आहे. कधी 'मधुमालती', तर कधी 'मृगावती'. तो सुरावर वाचतो, मध्येच थांबून प्रसंग रंगवून सांगतो, श्रोते माना डोलावतात. रात्र चढली की मंडळी उठतात, वाचणाऱ्याला तोंडभर आशीर्वाद देतात आणि आपापल्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बैठक.

श्रोत्यांना कथा हवी होती, ती त्यांना मिळत होती. मात्र वाचणाऱ्याच्या घरात उद्याच्या जेवणाची सोय नव्हती, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल. व्यापारात सर्वस्व गमावलेला हा तरुण दिवसा बाजारात तोंड दाखवायला धजत नव्हता. म्हणून तो घरातच बसून राही आणि रात्री पोथी वाची. त्याचे नाव बनारसीदास. पुढे 'समयसार नाटक' लिहून जैन अध्यात्मसाहित्यात अढळ स्थान मिळविणारे कविवर ते हेच.

नावाची कथा

बनारसीदासांचा जन्म जौनपूरचा, विक्रम संवत 1643 मधील, म्हणजे इ.स. 1586-87 चा. घराणे श्रीमाळ जैनांचे, वडील खरगसेन हे जव्हेरी. मुलाचे मूळ नाव विक्रमाजीत. तो काही महिन्यांचा असताना आईवडील त्याला घेऊन काशीला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले. मुलगा दीर्घायुषी व्हावा, एवढेच त्यांचे मागणे होते. तेथील पुजाऱ्याने क्षणभर डोळे मिटले आणि सांगितले की, पार्श्वप्रभूंच्या यक्षाने आपल्याला दर्शन दिले. प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव बालकाला ठेवा, म्हणजे त्याच्या आयुष्याची काळजी उरणार नाही. विक्रमाजीताचा 'बनारसी' झाला तो असा. मोठेपणी ही हकिकत लिहिताना कविवर पुजाऱ्याचे ते ध्यान खोटे होते हे सांगून टाकतात आणि तरीही ते नाव आनंदाने मिरवतात.

त्यांचे हे आत्मचरित्र म्हणजे 'अर्धकथानक'. संवत 1698 मध्ये, इ.स. 1641 च्या सुमारास, आग्र्यात त्यांनी ते पूर्ण केले. दोहा-चौपाई अशा छंदांत रचलेली ही सुमारे पावणेसातशे पद्ये मध्यदेशाच्या रोजच्या बोलीत आहेत. मनुष्याचे आयुष्य 110 वर्षांचे धरले, तर आपली 55 झाली, म्हणून ही अर्धी कथा, असा त्या नावाचा हिशेब. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्राचा मान बहुतेक अभ्यासक याच ग्रंथाला देतात. पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती 1943 मध्ये मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर या संस्थेने प्रसिद्ध केली आणि चारशे वर्षांपूर्वीचा हा व्यापारी कवी पुन्हा वाचकांच्या घरी आला.

पोरवयाचे छंद

आठव्या वर्षी बनारसी पाठशाळेत गेले. अकराव्या वर्षी खैराबादच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. नवी सून घरात आली त्याच दिवशी घरातील आजी वारली आणि त्याच दिवशी बनारसींना बहीण झाली. जन्म, मृत्यू आणि विवाह एकाच छपराखाली एकाच दिवशी घडले. संसार कशाला म्हणतात, हे कळण्यासाठी त्या मुलाला यापेक्षा वेगळा पाठ नको होता.

चौदाव्या वर्षी पंडित देवदत्तांकडे कोश, ज्योतिष आणि अलंकारशास्त्र यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे जौनपुरात आलेल्या मुनी भानुचंद्रांकडेही ते शिकू लागले. दिवस मुनींच्या सहवासात जाई. पण याच वयात प्रेमाचे वेडही लागले होते. त्या नादात वडिलांच्या पेटीतील माणके चोरावीत आणि त्यांतून विडे-मिठाई आणून प्रिय व्यक्तीकडे पाठवावी, असा क्रम चालला. त्याच भरात नवरसांवर हजारभर पद्यांची एक पोथीही लिहून झाली. नवांतील बहुतेक भाग एकट्या शृंगाराने व्यापलेला.

यानंतर कोणा संन्याशाने एक मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केल्यास रोज सकाळी दारात एक दीनार पडलेला मिळेल, असे आश्वासन होते. घरात एकांत कोठे मिळणार? बनारसींनी शौचालयात बसून वर्षभर जप केला. वर्ष संपले त्या दिवशी पहाटे दारात जाऊन शोधले, काही नव्हते. कदाचित दिवस मोजण्यात चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधले. मग एका जोग्याने छोटा शंख दिला आणि हेच सदाशिवाचे रूप असे सांगितले. बनारसी त्याची रोज चोरून पूजा करू लागले. या प्रसंगाचे वर्णन करताना ते स्वतःला 'महाशंख' म्हणतात. मूर्ख माणसाला 'शंख' म्हणण्याची रीत मराठीतही असल्याने ही कोटी आपल्याला वेगळी उलगडून सांगावी लागत नाही.

जिन्यावरची पडझड

इ.स. 1605 च्या ऑक्टोबरात अकबर बादशहाचे निधन झाले. ही वार्ता जौनपुरात पोहोचली तेव्हा बनारसी घराच्या जिन्यावर बसले होते. बातमी कानी पडताच त्यांना भोवळ आली, ते खाली कोसळले, कपाळ फुटले आणि अंगण रक्ताने लाल झाले. आईने धावत येऊन कापड जाळून त्याची राख जखमेत भरली.

बाहेर नगरात याहून मोठी धांदल उडाली होती. दुकाने बंद झाली, घरांच्या दारांना अडसर लागले. लोकांनी दागिने आणि वह्या जमिनीत पुरल्या, उंची वस्त्रे दडवून जाडीभरडी घातली. श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे वेशावरून ओळखू येईना. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले की, शहाजादा सलीम जहांगीर या नावाने तख्तावर बसला आहे. मग नगराचा जीव भांड्यात पडला. बादशहाच्या मृत्यूची नोंद दरबारी इतिहासकारांनीही केली आहे, पण त्या दहा दिवसांत सामान्य गृहस्थाने अंगावर काय घातले होते, हे सांगायला जौनपूरचा एक जव्हेरीपुत्रच लागला.

याच सुमारास एके संध्याकाळी मित्रांसह ते गोमती नदीच्या पुलावर गेले. सोबत ती नवरसांची पोथी होती. वाचता वाचता मनात आले की, एक खोटे बोलणारा दुर्गतीला जातो म्हणतात. आपण तर पोथीभर कल्पित गोष्टी लिहिल्या. पोथी हातातून नदीत सुटली. पाने पाण्यावर पसरली आणि मित्र हळहळत राहिले. बनारसी घरी परतले ते बदलून. ही बातमी ऐकून खरगसेनांना आनंद झाला.

वीस रुपयांपर्यंत खा

मुलगा मार्गावर आलेला पाहून वडिलांनी संवत 1667 मध्ये त्याच्याकडे व्यापार सोपविला. काही रत्ने, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड गाड्यांवर चढले. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले. सराईत जागा नव्हती आणि कोणी दार उघडेना. चिखल तुडवत फिरल्यावर शेवटी एका झोपडीत आसरा मिळाला, तोही तेथल्या माणसाच्या खाटेखाली.

आग्र्यात पोहोचल्यावर नशीब आणखी फिरले. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने नाडी तुटून कोठे पडली ते कळले नाही. कापडात बांधून ठेवलेली काही उंदरांनी पळविली. तूप-तेलाच्या विक्रीत फारसे हाती लागले नाही. भांडवल गेले, पत गेली. उरल्या त्या दोन पोथ्या आणि रात्रीची बैठक. या दोन्ही कथा सूफी कवींच्या, कुतबन आणि मंझन यांच्या. श्रावक तरुण त्या वाचतो आहे आणि आग्र्याची माणसे त्या ऐकत आहेत, यात त्या काळी कोणाला नवल वाटत नव्हते.

श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसी त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन खाऊ लागले. रोज सकाळ-संध्याकाळ तेच जेवण. काही काळ गेल्यावर मनाला टोचणी लागली. एके दिवशी त्याला बाजूला घेऊन त्यांनी सांगितले की, तू मला उधार देतोस, पण माझ्याजवळ काही नाही. यापुढे देऊ नकोस. कचोरीवाल्याने हिशेब मागितला नाही की तगादा लावला नाही. वीस रुपये होईपर्यंत खुशाल खा, तुला कोणी काही म्हणणार नाही, एवढेच तो बोलला. पुढे दिवस पालटले तेव्हा बनारसींनी त्याचे सारे देणे चुकते केले. एकूण रक्कम भरली चौदा रुपये.

ग्रंथात बादशहा आहेत, नवाब आहेत, लक्षाधीश शेठ आहेत. कचोरीवाल्याचे नावदेखील ग्रंथात येत नाही. तरी त्याच्या विश्वासाची किंमत रुपयांत लिहून ठेवावी, असे व्यापाऱ्याच्या या मुलाला वाटले. रोजमेळात जशी जमा-खर्चाची बाजू सोडायची नसते, तसे त्यांनी घेतलेले उपकारही सोडले नाहीत. सासरी खैराबादला गेल्यावर पत्नीने रात्रीच्या एकांतात खरी स्थिती विचारली, तेव्हा सारे गेल्याचे त्यांनी कबूल केले. तिने आपल्या गाठीचे वीस रुपये नवऱ्याच्या हाती ठेवले आणि आईला सांगून आणखी दोनशे मिळवून दिले. याच पत्नीने पूर्वी एकदा, अंगभर व्रणांचा रोग झाला असता आणि इतर जण जवळ येईनात तेव्हा, आपल्या आईच्या सोबतीने त्यांची शुश्रूषा केली होती. हेही त्या वहीत जमेच्या बाजूला आहे.

नावेच्या बाजूची पाने

खर्चाची बाजूही त्यांनी झाकली नाही. संवत 1680 मध्ये आचार्य कुंदकुंदांच्या 'समयसारा'वरील राजमल्लांची टीका त्यांच्या हाती आली. आत्मा शुद्ध आहे एवढे शब्द कळले, त्यामागील साधना कळली नाही. मग क्रियेवरची श्रद्धा उडाली. तीन मित्रांच्या संगतीत एकमेकांच्या पगड्या हिसकावणे, जोड्यांनी मारामारी करणे असे पोरखेळ सुरू झाले. एका खोलीत वस्त्रे टाकून नाचायचे आणि आम्ही मुनी झालो म्हणायचे, इथपर्यंत मजल गेली. देवापुढचा नैवेद्यही त्यांनी खाल्ला. श्रावक आणि यती दोघेही नावे ठेवू लागले. ही अवस्था अनेक वर्षे टिकली. संवत 1692 मध्ये पांडे रूपचंद आग्र्यास आले, त्यांनी 'गोम्मटसारा'चे विवरण केले आणि ज्ञान व क्रिया यांचा मेळ बनारसींच्या ध्यानी आला. पुढच्याच वर्षी, संवत 1693 मध्ये, 'समयसार नाटक' पूर्ण झाले. ज्या ग्रंथाने वाट चुकली, त्याच ग्रंथाच्या आधारे वाट सापडली.

ग्रंथाच्या अखेरीस ते स्वतःचे गुण सांगतात आणि लगेच दोषही मोजतात. लोभ सुटत नाही; जप-तप होत नाही; थोड्या लाभाने हर्ष आणि थोड्या हानीने शोक होतो; हसण्याच्या भरात तोंडून भलते निघते; ऐकलेली-न ऐकलेली गोष्ट रंगवून सांगण्याचा मोह आवरत नाही; आणि एकांत मिळाला की नाचावेसे वाटते. पंचावन्न वर्षांचा, अध्यात्मग्रंथ लिहिलेला, आग्र्यात मान असलेला गृहस्थ हे लिहितो आहे.

हे लिहिताना घर मात्र रिकामे होते. तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली, त्यांतील एकही वाचले नाही. पाने झडून गेलेल्या झाडांसारखी पती-पत्नी दोघेच उरली, असे ते सांगतात. दुःखाला वेगळा रंग दिलेला नाही. जी लेखणी कचोरीची उधारी लिहिते, त्याच लेखणीने हेही लिहिले आहे. अर्ध्या कथेचा उत्तरार्ध त्यांच्या हातून लिहिला गेला नाही; त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत, असे अभ्यासक मानतात.

आपल्या घराघरांतूनही चातुर्मासात पोथी लागत असे. दिवेलागणीनंतर शेजारीपाजारी जमत, कोणी वाचे, कोणी ऐकता ऐकता वाती वळी. त्या बैठकी विरल्या आणि वाचणाऱ्या काकांची, आजोबांची नावेही पुसट झाली. त्यांच्यावर कोणते संकट होते, कोणी त्यांना उधार दिले, कशावर ते मनापासून हसले, हे कोणी लिहून ठेवले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मोठेपण आपण भिंतीवर लावतो. त्यांची फजिती, त्यांचे छंद, त्यांनी कबूल केलेल्या चुका त्यांच्याबरोबरच जातात.

प्रतिक्रमणात आपण दिवसभराचे दोष आठवतो आणि उच्चारतो. बनारसीदासांनी पंचावन्न वर्षांचे दोष आठवले आणि ते लिहून जगापुढे ठेवले. त्यामुळे त्यांची थोरवी उणावली नाही. उलट, चारशे वर्षांनंतर 'समयसार नाटका'चे कर्ते म्हणून ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो, ते कविवर दार लावून एकटेच नाचत असतील, या कल्पनेने चेहऱ्यावर हसू येते आणि हात अधिक आपलेपणाने जोडले जातात.