उजेड सोपा, जोडणी अवघड

पेशीत शिरलेले एखादे प्रथिन पुढे कुठे जाते हे पाहायचे, तर आधी त्याला चमकणारी खूण लावावी लागते. अनेक वर्षे हे काम चमकणाऱ्या रंगद्रव्यांवर भागवले गेले. पण सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर प्रकाशात ती लवकर फिकी पडतात. निरीक्षण रंगात यावे आणि खूणच पुसली जावी, असा प्रकार! म्हणून संशोधक ‘क्वांटम डॉट’कडे वळले. कॅडमियम सेलेनाइडसारख्या पदार्थाचे हे अतिसूक्ष्म स्फटिक. साधारण २ नॅनोमीटरचा कण निळा चमकतो, ६ नॅनोमीटरचा लाल. त्यांच्या शोधाला २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र, उजेड हा यातला सोपा भाग. चांगल्या प्रतीचे कण तापलेल्या तेलकट द्रावणात तयार होतात आणि पाण्यात मिसळत नाहीत. पेशीचा कारभार तर सगळा पाण्यातला. १९९८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या वॉरन चॅन आणि शुमिंग नी यांनी झिंक सल्फाइडचे कवच असलेल्या कणांवर मर्कॅप्टोॲसिटिक आम्लाचा थर चढवला. या रेणूचे गंधकाचे टोक कणाला धरते; दुसऱ्या टोकाचे पाण्याशी जमते आणि त्यालाच प्रथिन जोडता येते. त्यांनी ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहणारे प्रथिन जोडले. पेशींनी ते नेहमीसारखे आत घेतले, कणासकट. म्हणजे जोडणीनंतरही पेशीला त्याची ओळख पटली.

ती दर वेळी पटेलच असे नाही. प्रथिनाची कामाची खाच कणाच्या बाजूला वळली, तर कण चमकत राहतो, प्रथिन मात्र निकामी. त्यावर एक सुरेख युक्ती आहे. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडायची. ती कवचातील जस्ताला धरते आणि प्रथिन ठरल्या बाजूने बसते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २००३ मध्ये याच रीतीने माल्टोज शर्करा ओळखणारा संवेदक केला. प्रथिनाच्या खाचेत आधी प्रकाश गिळणारा रेणू बसवला, त्यामुळे कण मंदावला. माल्टोजने त्या रेणूला बाहेर काढताच कण पुन्हा उजळला. जितकी शर्करा, तितका उजेड.

मग रुग्णाच्या शरीरात हे कण का सोडत नाहीत? अडचण कॅडमियमची. कवच नसलेल्या कणांवर हवेचा किंवा अतिनील किरणांचा परिणाम होऊन कॅडमियम सुटते आणि यकृताच्या पेशी मरतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. कवचाने धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे आता इंडियम फॉस्फाइडच्या कणांवर काम सुरू आहे. त्यांनाही बहुधा झिंक सल्फाइडचेच कवच देतात, त्यामुळे हिस्टिडिनची शेपटी तिथेही उपयोगी पडते.