बिंदू चौक: नावामागचा माणूस

रस्त्यास वा चौकास नाव देण्याचा अधिकार कायद्याने महापालिकेचा असला, तरी दफ्तरी दाखल झालेले नाव लोकांच्या जिभेवर रुळविण्याचे सामर्थ्य कोणत्याही ठरावात नसते, याची साक्ष पाहावयाची असेल तर करवीरनगरीच्या, म्हणजेच कोल्हापूरच्या, बिंदू चौकात उभे राहावे. हे नाव स्वातंत्र्यसंग्रामातील हुतात्मा बिंदू नारायण कुलकर्णी यांचे. परंतु रोज तेथून जाणाऱ्या किती जणांस ते ठाऊक असेल, याविषयी मी साशंक आहे.

याच चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, प्रजापरिषदेचे झुंजार पुढारी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेब हयात असताना; स्मारकासाठी थोरांच्या निधनाची वाट पाहणाऱ्या आपल्या समाजात ही घटना विरळाच म्हटली पाहिजे. पुतळे घडविले शिल्पकार बाळ चव्हाण यांनी.

आज एखाद्या कार्यकर्त्याच्या नावासाठी सह्यांची मोहीम काढून महापालिकेकडे अर्ज करणाऱ्या मंडळींस माझी एवढीच विनंती, की फलकावर संपूर्ण नाव आणि कार्याची एक ओळ कोरण्याची मागणीही त्याच अर्जात करावी.