वीज गेली तरी फ्रीझर उघडू नका

२४ जानेवारी २०२५ आठवतोय ना? एओविन वादळ. मेस हेडला वाऱ्याने ताशी १८० किलोमीटरची हद्द ओलांडली आणि देशभरात साडेसात लाखांहून जास्त घरांची-दुकानांची वीज गेली. पश्चिमेकडे काहींनी दोन आठवडे विजेशिवाय काढले. अशा वेळी आपल्या घरांत पहिली काळजी कसली? भारतातून आणलेल्या पुरणपोळ्यांची आणि खोवलेल्या नारळाची!

मुळात फ्रीझर थंडी तयार करत नाही. विहिरीवरच्या मोटेसारखा तो आतली उष्णता उपसून बाहेर ओततो. नव्या यंत्रांच्या नळ्यांत बहुधा आयसोब्युटेन फिरतो. आतल्या बाजूला हा द्रव उकळून त्याचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता अन्नातून ओढतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, तो तापतो, आणि ती उष्णता स्वयंपाकघरात सोडून पुन्हा द्रव होतो. फ्रीझरची बाजू कोमट लागते ती यामुळे. तो बिघाड नाही.

वीज गेली की उपसा थांबतो. मग राखण करतात भिंतीतला फोम आणि गोठलेला माल. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत शून्य अंशाचं एक किलो पाणी ८० अंशांपर्यंत तापतं! म्हणून दार बंद ठेवलं तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, पण काठोकाठ भरू नका.

सुट्टीत भारतात जाताय? वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग मासे-मटण सरळ टाकून द्या, वासावर विसंबू नका. वीज आल्यावर अन्नात अजून बर्फाचे कण असतील, तर मात्र पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव थोडी उतरते, एवढंच.

आणि ते गॅरेजमधलं जुनं यंत्र! फ्रिज-फ्रीझर एकत्र असेल, तर अनेकदा तापमान मोजणारा सेन्सर फक्त फ्रिजच्या खणात असतो. इथल्या हिवाळ्यात गॅरेजच इतकं गार पडतं की सेन्सरला वाटतं काम झालं, कॉम्प्रेसर चालतच नाही, आणि ऐन थंडीत फ्रीझरमधला मटार वितळतो. आतलं लेबल बघा: 'एन' म्हणजे खोली किमान १६ अंश हवी, 'एसएन' म्हणजे किमान १०. नवीन घेताना गॅरेजमध्ये चालेल का, हे दुकानातच विचारून घ्या.